देवनारचा आठ तासांचा प्रयोग: शिपायाला वेळेवर घरी सोडलं तेव्हा काय झालं

सरकारी नोकरी आणि वर्क-लाइफ बॅलन्स एका वाक्यात आले की समोरचा हसतोच. त्यांना कसला बॅलन्स हवाय, अकराला यायचं, चहा घ्यायचा, साहेब मीटिंगला गेलेत म्हणून सांगायचं आणि साडेपाचची लोकल पकडायची, असं चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि ते अगदीच खोटं आहे असंही मी म्हणणार नाही, एका दाखल्यासाठी चार चकरा मारलेल्या माणसासमोर तर मुळीच नाही. पण मंत्रालयातला क्लार्क आणि पोलीस ठाण्यातला शिपाई, दोघांचा पगार एकाच तिजोरीतून निघतो म्हणून दोघांची नोकरी एक होत नाही. म्हणून इथे एकच प्रकरण घेतो, मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्याचं, २०१६ सालचं. तास कमी केले तर सरकारी माणसाचं कामातलं मन कमी होतं की वाढतं, यावर वाद पुष्कळ होतात, पण प्रत्यक्ष करून बघितलेलं उदाहरण आपल्याकडे पटकन सापडत नाही. हे एक आहे.

आधी थोडक्यात घडलं काय ते. जानेवारी २०१६ च्या शेवटी दत्ता पडसलगीकर मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. १९८२ च्या बॅचचे आयपीएस, मधली बरीच वर्षं इंटेलिजन्स ब्युरोत काढलेली. देवनार ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने, अधिकारी नव्हे हं, शिपाई वर्गातल्या माणसाने, आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांची ड्युटी कशी बसवता येईल याची आखणी केली आणि ती थेट आयुक्तांपर्यंत गेली. आयुक्तांनी ती "पाहून कळवतो" म्हणून बाजूला ठेवली नाही. मे २०१६ मध्ये त्याच माणसाच्या ठाण्यात ट्रायल सुरू झाली, आणि ती जमतेय असं दिसल्यावर जानेवारी २०१७ पासून मुंबईतल्या सगळ्या म्हणजे नव्वदहून जास्त ठाण्यांत ती लावायचं ठरलं. पुढे ती ढिली पडत गेली, कोविडमध्ये पूर्णच बाजूला गेली, आणि २०२२ मध्ये परत आली ती फक्त महिला पोलिसांसाठी.

आता देवनारच का, तर कल्पना मांडणारा तिथला होता म्हणून, एवढं साधं कारण. पण जागा सोपी नव्हती हे लक्षात घ्या. गोवंडी, बैंगनवाडी, डम्पिंग ग्राउंड, कत्तलखाना हा सगळा पट्टा, महापालिकेचा एम पूर्व वॉर्ड. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला होता तो हाच. २०१६ च्याच जानेवारीत डम्पिंगला लागलेल्या आगीचा धूर अर्ध्या शहराने खाल्ला होता. बकरी ईदला कत्तलखान्याच्या बाजाराचा बंदोबस्त काय असतो ते तिथल्या पोलिसाला विचारा. म्हणजे कफ परेडसारख्या ठाण्यात करून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या असला प्रकार नव्हता.

त्याआधीची परिस्थिती अशी की ड्युटी कागदावर बारा तासांची. कागदावर. सकाळी आठला हजेरी, रात्री आठला सुटायचं, पण सुटताना नेमकी एखादी मारामारीची पार्टी येते, कोणालातरी मेडिकलला न्यायचं असतं, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आलेला नसतो. मुंबईत पोलीस क्वार्टर सगळ्यांना पुरत नाहीत, त्यामुळे खूप जण बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, विरार, पनवेल अशा ठिकाणी राहतात. समजा बदलापूरचा माणूस आहे. गोवंडीहून हार्बरने कुर्ला, तिथून मेन लाइनची गर्दी, घरी पोचेपर्यंत दोन तास गेलेच. बारा तास ड्युटी, येऊन-जाऊन चार, झाले सोळा. उरलेल्या आठ तासांत अंघोळ, जेवण, झोप, बायकोशी दोन शब्द, आणि पोरगं तर झोपलेलंच सापडणार. महिना दोन महिने नाही, अख्खी तीस-पस्तीस वर्षांची नोकरी अशी.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक हवालदार काका राहायचे (कोणत्या ठाण्याला होते ते सोडा). कोणाच्याही लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की काकू घ्यायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि म्हणायच्या, मी नक्की येते, ह्यांचं काही सांगता येत नाही, साहेबांनी सोडलं तर येतील. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यालाही हे वाक्य त्यांनी असंच म्हटलं होतं, चेहऱ्यावर तक्रार वगैरे काही नव्हती, पावसाबद्दल बोलावं तसं.

हे एकट्या मुंबईचं दुखणं नाही. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या दोन संस्थांचा २०१९ चा पोलिसांच्या परिस्थितीवरचा अहवाल आहे, त्यात देशभरातल्या पोलिसांचा सरासरी कामाचा दिवस १४ तासांचा निघाला, आणि जवळपास निम्म्या जणांना आठवड्याची सुट्टी मिळत नाही असं आलं. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये केंद्राच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने अभ्यास केला होता, विषय हाच, ठाण्यांमध्ये आठ तासांच्या शिफ्ट लावायच्या तर माणसं किती लागतील. उत्तर आलं, मंजूर पदांच्या १.६८ पट. म्हणजे शंभर जिथे आहेत तिथे एकशे अडुसष्ट. हे वाचून कुठल्याही गृहखात्याचा सचिव काय करणार ते उघड आहे, अहवाल कपाटात.

आणि हे गणित चुकीचं आहे असंही नाही. बसून करून बघा. एक पोस्ट आहे, समजा ठाण्याचा लॉकअप गार्ड, तिथे चोवीस तास, सातही दिवस माणूस पाहिजे, म्हणजे आठवड्याचे १६८ तास. बारा तासांची ड्युटी आणि एक सुट्टी धरली तर एक माणूस आठवड्याला ७२ तास देतो, म्हणजे एका पोस्टला साधारण २.३ माणसं. आठ तास केले की तोच माणूस ४८ तास देणार, म्हणजे ३.५ माणसं. दीडपट. यात आजारपण, अर्जित रजा, ट्रेनिंग, कोर्टाच्या साक्षी काहीच धरलेलं नाही, ते धरलं की १.६८ च्या आसपास जायलाच होतं.

मग देवनारला नवी भरती न करता कसं काय जमलं? मला वाटतं सगळ्या प्रकरणातली खरी मजा इथे आहे. बाहेरून मोजणारा प्रत्येक पोस्ट अत्यावश्यक धरून चालतो, ठाण्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला माहीत असतं की कुठल्या पोस्टला माणूस लावतात ते गरज आहे म्हणून आणि कुठे लावतात ते पूर्वीपासून लावतायत म्हणून. कुठल्याही ठाण्याची ड्युटी लिस्ट उघडली की स्टेशन हाऊस, लॉकअप गार्ड, बीट, व्हॅन, नाकाबंदी ही कामं दिसतात आणि त्याच्या बाजूला समन्स-वॉरंट, मुद्देमाल, पासपोर्टची चौकशी, कोर्ट, टपाल, संगणक, कोणाचा रायटर (लिखापढी करणारा), कोणाचा ऑपरेटर अशी बाजूला काढलेली माणसं दिसतात. ह्या बाजूच्या लोकांची कामं खोटी नसतात, पण चोवीस तासांची पाळी ओढण्यात त्यांचा हात नसतो आणि मग उरलेल्या मोजक्या लोकांवर दिवस-रात्र फिरत राहते. शिवाय बारा तासांच्या ड्युटीत बारा तास काम असतंच असं नाही, दुपारी दोन ते पाच एखाद्या पोस्टवर माणूस नुसता खुर्ची गरम करत असतो आणि रात्री नऊ ते एक तिथेच दोघं कमी पडत असतात. तास आणि काम यांची सांगड ठाण्यातलाच माणूस घालू शकतो. हजेरी मास्तर ड्युटी लावतो तो वर्षानुवर्षं कालची लिस्ट बघून आजची लावतो, त्यात त्याचा दोष नाही, त्याला कोणी विचारलेलंच नसतं की हे दुसरं कसं करता येईल.

म्हणजे देवनारमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. तास कमी झाले ही एक, आणि ते कसे कमी करायचे हे खालच्या माणसाने सांगितलं आणि वरच्याने ऐकलं ही दुसरी. मॅनेजमेंटवाले नंतर फक्त पहिलीबद्दल बोलत राहतात. मला दुसरी जास्त मोठी वाटते.

तेव्हा जे शिपाई पेपरवाल्यांशी, चॅनेलवाल्यांशी बोलले त्यांचं म्हणणं ढोबळमानाने सारखंच होतं. झोप होते. पोरांचा अभ्यास घेता येतो. चालायला, व्यायामाला जाता येतं. चिडचिड कमी झाली. यात कोणीही ग्रेट काही सांगत नव्हतं, कोणाला गिटार शिकायचा नव्हता, ज्या गोष्टी तुमच्या-माझ्या घरी गृहीत धरलेल्या असतात तेवढ्याच. आणि चिडचिडीचा मुद्दा हा काही फक्त त्या शिपायाच्या घरचा नाही, पंधराव्या तासाला ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या बाईशी तो कसा बोलतो यात तो उतरतो. उद्धट पोलीस म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो त्यातले काही खरोखर उद्धट असतात आणि काही नुसते झोपेला आलेले असतात.

आता कमिटमेंटचं बघू, कारण विषय तोच आहे. जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन या कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये कर्मचाऱ्याच्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले, एचआरच्या कुठल्याही कोर्सला हे शिकवतात. एक म्हणजे मनापासूनची, इथे राहायला आवडतं म्हणून राहतो. दुसरी हिशेबाची, सोडलं तर नुकसान आहे म्हणून राहतो. तिसरी कर्तव्याची, सोडणं बरं दिसत नाही, आपण यांचं देणं लागतो म्हणून राहतो. खाजगी कंपनीत ह्या तिन्हींची परीक्षा राजीनाम्याच्या वेळी होते. सरकारी नोकरीत राजीनामा जवळपास कोणी देतच नाही, म्हणून खात्याला वाटतं की सगळे कमिटेड आहेत. गंमत अशी की राहणारे बरेचसे दुसऱ्या प्रकारातले असतात. घराचं कर्ज असतं, क्वार्टर असतं, २००५ च्या आधी लागलेला असेल तर जुनी पेन्शन असते, वय चाळीस झालेलं असतं, आता कुठे जाणार. हा माणूस हजर असतो, पण मनाने कधीचाच निघून गेलेला असतो, आणि हजेरीच्या वहीत ते दिसत नाही.

पोलिसात तिसरा प्रकार पण भरपूर असतो, खोटं कशाला बोला. वर्दीची एक ओढ असते, गावाकडे मान असतो, २६ नोव्हेंबरच्या रात्री लाठी घेऊन धावलेले लोक काय पगारासाठी धावले नव्हते. पण खातं ह्या तिसऱ्या प्रकारावर इतकं विसंबून राहतं की तो आटत जातो. कायद्यातच बघा, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम २८, पोलीस हा कायमच ड्युटीवर आहे असं धरलं जाईल. कायदा करताना अर्थ असा होता की समोर गुन्हा घडताना माझी ड्युटी संपली असं पोलिसाने म्हणू नये. बरोबरच आहे ते. पण त्याचा वापर पुढे असा झाला की तास मोजणं हीच बेशिस्त ठरली. जो घड्याळ बघतो तो कामचुकार, जो सोळा तास ठाण्यात दिसतो तो निष्ठावान. देवनारच्या प्रयोगाने ही समजूत मोडून दाखवली, की तास मोजून दिले आणि वेळेवर सोडलं तर माणूस वेळेवर येतोसुद्धा, कारण त्याच्या रिलीव्हरची पण बायको घरी वाट बघत असते हे त्याला ठाऊक असतं. आठच्या जागी सव्वाआठला आलास तर साहेब नंतर बोलतील, आधी तुझा जोडीदारच बोलेल. शिस्त वरून खाली यायच्या ऐवजी बाजूने यायला लागते, हे फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

अडचणी नव्हत्या असं नाही, आणि त्यातल्या काही मुळातल्या होत्या.

पहिली म्हणजे अधिकारी. योजना शिपाई ते सहायक फौजदार या अंमलदारांसाठी सुरू झाली, पीएसआय, एपीआय, पीआय म्हणजे उपनिरीक्षक ते निरीक्षक हे अधिकारी त्यात नव्हते. आणि त्यांना आठ तासांत बसवणं सोपंही नाही, कारण तपास हे पाळीत करायचं काम नाहीये. आरोपी पकडला की चोवीस तासांच्या आत कोर्टासमोर उभा करावा लागतो, ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट गेलं नाही तर जामीन त्याच्या हक्काचा होतो. केस एका तपास अधिकाऱ्याच्या नावावर असते, दुपारी चारला दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. आता ठाण्यात असं चित्र झालं की शिपाई वेळेवर घरी आणि त्याला हुकूम देणारा पीएसआय रात्री अकराला अजून टेबलावर. त्यातले काही जण मनापासून खूश होते, काहींच्या पोटात दुखलं. आम्ही पण हेच भोगलंय, तुम्ही कोण मोठे, ही भावना कुठल्याही सरकारी ऑफिसात असतेच, ठाण्यात ती खांद्यावर स्टार लावून असते.

दुसरी, आरोपी पार्टी. शिपाई सकाळी आरोपी घेऊन कोर्टात गेला, नंबर लागायला साडेचार वाजले, नंतर तो जेलला जमा करायचा. त्याची पाळी चारला संपली म्हणून तो आरोपीला बाकावर बसवून लोकल पकडू शकत नाही. अशा ड्युटीला आठ तासांचे दहा-अकरा होणारच, प्रश्न एवढाच की ते जास्तीचे तास दुसऱ्या दिवशी परत मिळतात का.

तिसरी अडचण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते कारण ती कुठल्याच थिअरीत सापडणार नाही. चोवीस तासांचे तीन सारखे भाग केले की एक पाळी रात्री अकरा-बाराच्या सुमारास संपते. बारा तासांच्या ड्युटीत माणूस रात्री आठला सुटायचा, निदान गाडी तरी मिळायची. आता बाराला सुटलेला बदलापूरवाला गोवंडीहून कुर्ल्याला पोचून शेवटची कर्जत गाडी गाठणार कशी? चुकली की पहाटे चारपर्यंत प्लॅटफॉर्मवर नाहीतर पोलीस ठाण्याच्याच रेस्टरूममध्ये पडून राहायचं. म्हणजे आठ तासांची ड्युटी मिळूनही घराबाहेरचे तास पूर्वीएवढेच. जवळ क्वार्टर असलेल्याला योजना सोन्यासारखी आणि लांब राहणाऱ्याला आठवड्याआड अर्धी. पोलिसांच्या घरांचा प्रश्न आणि ड्युटीच्या तासांचा प्रश्न आपण दोन वेगळ्या फायली धरतो, हे चूक आहे.

चौथी, बंदोबस्त. गणपती, थर्टी फर्स्ट, निवडणुका, मोर्चे, व्हीआयपी. तेव्हा बारा तास परत लागायचे आणि ते लागणार हे शिपायालाही मान्य होतं. पण मुंबईत बंदोबस्त नसलेला आठवडा शोधून दाखवा.

तरीही एवढ्या सगळ्या अडचणींनी योजना मेली नसती. ती ढिली पडली त्याचं कारण माझ्या मते असं की ती एका आयुक्ताच्या इच्छेवर उभी होती. पडसलगीकर जून २०१८ च्या शेवटी मुंबई सोडून राज्याचे महासंचालक झाले. त्यानंतर सुबोध जयस्वाल, संजय बर्वे, परमबीर सिंग, हेमंत नगराळे, संजय पांडे, असे चार वर्षांत पाच आयुक्त झाले आणि २०२२ च्या मध्याला विवेक फणसळकर आले. प्रत्येकाच्या अजेंड्यावर वेगळं काहीतरी होतं आणि मधल्या काळात मुंबई पोलीस आयुक्तालयात जे काय चाललं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, तिथे शिपायांच्या पाळ्यांकडे कोण बघणार. आठ तास लागू ठेवायला रोज कोणीतरी लिस्ट तपासावी लागते, एखाद्या सिनियरने (ठाण्याच्या मुख्य निरीक्षकाने) माणूस कमी आहे म्हणून दोन पाळ्या जोडल्या की विचारावं लागतं. तो विचारणारा गेला की सिनियरचंही काही चुकत नाही, त्याच्यासमोर रिकामी व्हॅन उभी असते आणि रात्र काढायची असते. पदं वाढवून, शासन निर्णय काढून, हद्दीच्या लोकसंख्येप्रमाणे मनुष्यबळाचा नवा हिशेब मंजूर करून जी गोष्ट करायला हवी होती ती आहे त्यात भागवून केली गेली होती. सुरुवात करायला ते उत्तम होतं, कारण नाहीतर सुरुवातच झाली नसती. टिकवायला ते पुरेसं नव्हतं. एकाच वेळी पाच जण रजेवर गेले की सगळी लिस्ट कोसळते अशी तंग व्यवस्था होती ती.

मग मार्च २०२० आला. लॉकडाऊनमध्ये आठ तास वगैरे बोलायची सोयच राहिली नाही. उलट सलग बारा तास करून पुढचे चोवीस तास आराम अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी लावली, प्रवास आणि संपर्क कमी व्हावा म्हणून, आणि मुंबईत पोलिसांचे मृत्यू व्हायला लागल्यावर एप्रिलच्या शेवटी पंचावन्नच्या पुढच्यांना घरी राहायला सांगितलं. राज्यात शेकडो पोलीस त्या साथीत गेले. त्या काळात कोणी घड्याळ पाहिलं नाही, म्हणजे आठ तास मागणारे लोक आळशी असतात हा जो आक्षेप होता त्याचं उत्तर परस्पर मिळालं, पण उत्तर मिळाल्यावर खात्याने आठ तास परत दिले असंही झालं नाही.

योगायोग बघा, त्याच लॉकडाऊनच्या महिनाभर आधी, २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारने आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला. लोकांनी ओरड केली की आधीच काम करत नाहीत, त्यात आणखी सुट्ट्या. सरकारचा हिशेब मात्र असा होता की आधी वर्षाला २८८ दिवस भरायचे, रोज सव्वासात तास, मिळून २,०८८ तास. आता २६४ दिवस, रोज आठ तास, मिळून २,११२. म्हणजे वर्षाला २४ तास वाढले. पोलीस, अग्निशमन, सफाई कामगार, रुग्णालयं वगैरे अत्यावश्यक सेवा यातून बाहेर. ह्यात दोन गोष्टी दिसतात. एक, तास जवळपास तेवढेच ठेवून नुसती मांडणी बदलली तरी कर्मचारी खूश होतो, कारण सलग दोन दिवस हातात येतात, गावाला जाऊन येता येतं. आणि दोन, सरकारला तास मोजता येत नाहीत असं अजिबात नाही, अगदी मिनिटापर्यंत मोजता येतात, फक्त कोणाचे मोजायचे ते ठरलेलं असतं.

कोणाचे मोजायचे हे कसं ठरतं? ज्याची संघटना आहे त्याचे. मंत्रालयातल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, अधिकारी महासंघ आहे, पाच दिवसांच्या आठवड्यासाठी ते वर्षानुवर्षं निवेदनं देत होते. एसटीचे लोक २०२१-२२ मध्ये पाच-सहा महिने संपावर बसू शकले, त्यांचं बरोबर का चूक ते जाऊ दे, पण बसू शकले. पोलिसाला ते दार बंद आहे. १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा केंद्राचा कायदा आहेच, आणि मुंबईत त्याच्या मागे १८ ऑगस्ट १९८२ ची आठवण आहे, पोलिसांच्या संघटनेचं आंदोलन, शहरात उसळलेली दंगल, लष्कराला बोलावावं लागलं, आणि संघटना मोडीत निघाली. पोलिसांना युनियन असावी का यावर माझं स्वतःचं मत पक्कं नाही, हातात बंदूक असलेल्यांचा संप ही साधी गोष्ट नाही. पण मग तक्रार वर जायला दुसरी काहीतरी पक्की वाट पाहिजे. देवनारच्या त्या माणसाला ऐकून घेणारा आयुक्त भेटला हे त्याचं नशीब, आणि व्यवस्था नशिबावर चालत असेल तर तिच्यातल्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा तरी किती करायची.

पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. संजय पांडे राज्याचे महासंचालक असताना २०२१ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांची ड्युटी नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीणमध्ये आधी लावून बघितली आणि जानेवारी २०२२ मध्ये राज्यभरासाठी आदेश निघाला. मुंबईत त्यानुसार जे वेळापत्रक आलं त्यात एक पर्याय असा होता की सकाळी ८ ते दुपारी ३, दुपारी ३ ते रात्री १०, आणि रात्री १० ते सकाळी ८. तीन सारखे भाग नाहीत, दोन पाळ्या सात तासांच्या आणि रात्रीची दहाची, पण रात्री दहाला सुटलेल्या बाईला गाडी मिळते आणि सकाळी आठपर्यंत थांबलेलीला पहाटेच्या अंधारात निघावं लागत नाही. ज्याने कोणी हे बसवलं त्याला लोकलचं टाइमटेबल पाठ असणार. त्याच वर्षी पोलिसांची किरकोळ रजा बारा दिवसांवरून वीस दिवस झाली, तीही गरजेचीच होती.

पण महिलांचे चार तास कमी केले म्हणून ते ठाण्यातून नाहीसे होत नाहीत. लिस्टवर नावं तेवढीच असली तर ते कोणातरी पुरुष शिपायाच्या नावावर चढतात, आणि मग ठाण्यात कुजबुज सुरू होते की मॅडम गेल्या घरी, आता बस तू. ज्या बाईला घरी जाऊन पोळ्या लाटायच्या आहेत तिला हे टोमणे ऐकून निघावं लागतं, आणि ज्याच्यावर ते तास चढलेत त्याचं पोरगंही घरी वाट बघत असतं, त्यामुळे चूक कोणाचीच म्हणता येत नाही. २०१६ मध्ये बाई-पुरुष दोघांना एकाच लिस्टवर आठ तास दिले होते तेव्हा निदान ही भांडणं लागायला जागा नव्हती.